पावतीचं सॉफ्टवेअर

सोमवार, २ ऑगस्ट १९९९

आज माझ्या मुलीने मला जो धक्का दिला तो लिहून काढल्याशिवाय जेवण पचायचं नाही.

टेलिफोन खात्यातली तीस वर्षांची नोकरी मी मुदतीआधी सोडली. मिळाला तो सगळा फंड इथे घातला. नगर जिल्ह्यात इंटरनेट पुरवायचा परवाना काढला, केडगावात आप्पासाहेबांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, त्यांना अर्ध्याचे भागीदार केलं, बारा टेलिफोन लायनी ओढल्या. सहा सप्टेंबरला उद्घाटन. पत्रिका छापायला गेल्यासुद्धा. आणि यशोधरा, जी इंजिनियर झाली म्हणून मी या वयात हे धाडस केलं, ती कॉम्प्युटरच्या मासिकाला चिकटवून आलेली एक चकती माझ्यापुढे ठेवून म्हणते, "बाबा, आपला सर्व्हर यावर चालवू. लिनक्स म्हणतात. फुकट आहे."

मासिकाला चिकटवून. शाम्पूची पुडी चिकटवतात तशी.

सर्व्हर म्हणजे काय ते तिनेच मला समजावलं होतं. ग्राहक घरून फोन लावणार, आमचं मशीन त्याचं नाव आणि परवलीचा शब्द विचारणार, ओळख पटली की आत सोडणार. म्हणजे दारावरचा माणूस. तो झोपला तर अख्खा धंदा झोपला. आणि असा माणूस फुकटातला ठेवायचा?

"बनवलंय कोणी?" मी विचारलं.

"जगभरच्या लोकांनी मिळून."

"मालक कोण?"

"कोणीच नाही. म्हणजे सगळेच."

"बिघडलं तर फोन कोणाला करायचा?"

"आपणच उघडून बघायचं."

मी म्हटलं, आमच्या एक्स्चेंजमध्ये उघडून बघणाऱ्याला मेमो मिळायचा. तिने चकती उचलून पर्समध्ये ठेवली. तोंड एवढंसं झालं होतं. होऊ दे.

गुरुवार, ५ ऑगस्ट

पुण्याच्या डीलरकडे ऑर्डर दिली. नवाकोरा सर्व्हर आणि त्यावर चालणारं विकतचं, कंपनीचं सॉफ्टवेअर. रीतसर बिल, रीतसर परवाना. आप्पासाहेब म्हणाले, "उत्तमराव, तुम्ही म्हणाल ते." ते मिरजगावचे आडत व्यापारी, कॉम्प्युटरला अजून टीव्हीच समजतात. त्यांचा काही त्रास नाही.

यशोधराला सांगितलं नाही ते इथे लिहितो. मी सहा-सात वर्षांचा असताना आई मला बोटाला धरून संध्याकाळी गावात भाकरी मागायला जायची. दारापासून लांब उभं राहून हाक द्यायची, आणि वरून पदरात भाकरी पडायची. शिळी, मोडकी. फुकट. छप्पन साली आम्ही धम्म घेतला आणि वडिलांनी ती भाकरी बंद केली. त्या वर्षी घरात कितीतरी दिवस चूल पेटली नाही, पण बंद म्हणजे बंद. तेव्हापासून फुकट हा शब्द ऐकला की माझ्या मस्तकात तिडीक जाते. जो पावती घेतो त्याला कोणी दाराबाहेर ताटकळत ठेवत नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलेलं आहे.

शुक्रवार, २० ऑगस्ट

खोकं आलं. काय ते खोकं! आत जाडजूड पुस्तकं आणि एक परवानापत्र, चकचकीत कागदावर: उत्तमराव गंगाराम भिंगारदिवे, प्रज्ञानेट, अहमदनगर. नावात एक चूक नाही. खात्यात तीस वर्षांत माझं आडनाव कोणी धड लिहिलं नाही.

लगेच चौकट करून आणली आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगली. यशोधराने खिळा सरळ बसलाय का ते बघितलं आणि परत कामाला लागली.

रविवार, २९ ऑगस्ट

सगळं मुसळ केरात.

आज चाचणी होती. दाऊदने (रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद करून आमच्याकडे आलेला, ग्राहकांच्या घरी जाऊन जोडणी करून देतो) बारा ओळखीच्यांना सांगून ठेवलं होतं की अकराच्या ठोक्याला सगळ्यांनी फोन लावायचा. एक आला, दोन आले, सात आले. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात आठवा आला आणि पडदा गोठला. आतले सातही बाहेर फेकले गेले. पुन्हा सुरू केलं. आठवा आला की पुन्हा तेच. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

एवढी नामी कंपनी, एवढं मोठं खोकं. यशोधरा म्हणाली, "आत कुठे चुकतंय ते बघता आलं असतं तर काहीतरी केलं असतं. पण हे उघडता येत नाही. परवान्यातच लिहिलंय." मी चौकटीकडे बघितलं. खाली बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं आहे खरं. ते मी वाचलं नव्हतं.

उद्घाटनाला आठ दिवस.

बुधवार, १ सप्टेंबर

सोमवारपासून पुण्याला फोन चाललेत. पहिल्या दिवशी, साहेब मीटिंगमध्ये आहेत. काल, फॅक्स पाठवा. आज त्या मुलीने "धरा हं" म्हणून रिसीव्हर बाजूला ठेवला आणि मी स्टुलावर बसून तिकडची गाणी ऐकत राहिलो. मग म्हणाली, साहेब जेवायला गेलेत. मी म्हटलं, बाई, माझं उद्घाटन आहे हो, जरा माझ्यावर उपकार करा. हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं कळलं नाही. शेवटी साहेब आले. म्हणाले, आतलं बघायचा अधिकार आम्हालाही नाही, कंपनीला कळवलंय, कृपा करून वाट बघा.

यशोधरा शेजारीच उभी होती. माझ्याकडे बघून तिने मान खाली घातली. मला तिचा रागच आला. जसं काही मीच काही वाईट केलं होतं.

शनिवार, ४ सप्टेंबर

झालं. चालू झालं. बाराच्या बारा लायनी एकदम, दोन तास, हूं का चूं नाही.

काल ती म्हणाली होती, "बाबा, एक दिवस माझ्यावर सोडा, तुम्ही इकडे फिरकू नका." आज आलो तर सगळं सुरळीत. नव्या सर्व्हरच्या पडद्यावर एकेका ग्राहकाचं नाव उमटतंय, सुटतंय. मी विचारलं, काय केलंस? म्हणाली, "थोडी मांडणी बदलली." मी दाऊदला म्हटलं, बघितलंस, विकतचं ते विकतचंच. तो "जी साहेब" म्हणून पेचकस शोधायला खाली वाकला, तो बराच वेळ वर आला नाही.

एकच खटकलं. यशोधराने कॉलेजात वापरलेलं तिचं जुनं मशीन माझ्या टेबलाखाली आणून ठेवलंय. म्हटलं हे भंगार इथे कशाला? म्हणाली, मॉडेमच्या वायरींना लांबी पुरत नाही, त्याच्यातून ओवून नेल्यात, हलवू नका. असली वायरिंग मी आयुष्यात चालवून घेतली नसती. पण उद्घाटन तोंडावर आहे. आणि पाय ठेवायला उंची बरोबर आहे.

मंगळवार, २१ सप्टेंबर

सत्तरावा ग्राहक झाला. डॉक्टर, वकील, दोन ऑफसेट प्रेसवाले. लोक विचारतात, एवढं बिनबोभाट कसं चालतं? मी त्यांना चौकट दाखवतो.

आज गंमत झाली. पुण्याहून फॅक्स आला: आपण कळवलेला दोष कंपनीने मान्य केला असून पुढच्या आवृत्तीत, म्हणजे पुढच्या वर्षी, दुरुस्त केला जाईल, तोवर सातपेक्षा जास्त ग्राहक एकावेळी घेऊ नयेत. मी खो खो हसलो. इकडे बारा बारा चालताहेत आणि हे दुरुस्तीच्या गोष्टी करताहेत. यशोधराला दाखवला. तिने फॅक्स वाचला, घडी घातली, म्हणाली, "फाईलला लावते." हसली नाही. थकलीय पोरगी.

कोल्हारचा सहादेव आला होता, माझा बोर्डिंगातला मित्र. गावातल्या पोरांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढतोय. "जय भीम उत्तम, तू घेतलंस तेच घेऊ का?" मी म्हटलं, डोळे मिटून घे. तो म्हणाला, महाग आहे रे, पण तू म्हणतोस तर दसऱ्यानंतर ऑर्डर देतो. यशोधरा काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, तेवढ्यात फोन वाजला.

सकाळी पायांना छान ऊब लागते. सर्व्हरची उष्णता खालून फिरत असणार.

रविवार, ३ ऑक्टोबर

आईला ऑफिस दाखवायला आणलं. पंच्याहत्तरी उलटली तरी जिना चढून आली. सगळ्या दिव्यांकडे बघून म्हणाली, "लई केलंस बाबा." मग माझ्या टेबलाशी बसली, वाकून खाली हात लावला.

"उत्तम, ह्येच्यावर पाय का ठिवतूस रं? गरम हाय ह्ये. जित्तं हाय."

मी म्हटलं, आई, ते बंद आहे, भंगार आहे.

"व्हय? मंग नात माजी येडी हाय काय? आल्या आल्या आधी त्येलाच हात लावून बघितला तिनं."

म्हातारपणी माणसाला भास होतात. यशोधरा तिला उसाचा रस पाजायला खाली घेऊन गेली. दोघी फार वेळ वर आल्या नाहीत.

सोमवार, १८ ऑक्टोबर

खंडेनवमी. जे झालं ते क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

आप्पासाहेब सकाळी झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ घेऊन आले. त्यांच्याकडे या दिवशी तराजूपासून टेम्पोपर्यंत सगळं बंद ठेवून पूजा करतात, आज यंत्राला कामाला लावायचं नाही. मी काही हात जोडत नाही, त्यांना माहीत आहे. पण भागीदार आहेत, आणि वर्षातून एकदा यंत्राला विश्रांती ही गोष्ट मला पटते. यशोधरा नवीन मॉडेम आणायला पहाटेच पुण्याला गेली होती. परवा मला बजावून म्हणाली होती, "बाबा, फूल वाहा, काय वाट्टेल ते करा, पण मशीन बंद करायची गरज नाही." मला वाटलं, तिला पूजाच नकोय. नव्या पिढीची बौद्ध, आमच्यापेक्षा कडक.

दाऊद म्हणाला, "साहेब, राहू द्या ना. ग्राहक ओरडतील." आप्पासाहेब म्हणाले, "अर्धा तास ओरडू द्या. चालू मशीनची पूजा केल्यावर ती कसली पूजा?"

मी म्हटलं, माझं मशीन, मीच बंद करतो. रीतीने बंद केलं. पडदा काळा झाला. पंखा थांबला. आप्पासाहेबांनी माळ घातली, कुंकू लावलं, नारळ फोडला.

मी मागे फळीकडे बघितलं. बारा लायनींच्या बारा मॉडेमचे दिवे लुकलुकत होते.

आधी वाटलं, थोडा वेळ जळत असतील. मग फोन वाजला. डॉक्टरसाहेब. "उत्तमराव, आज लाईन काय झकास आहे हो. सुटी म्हणून गर्दी कमी का?" मी विचारलं, "तुम्ही आत्ता जोडलेले आहात?" म्हणाले, "आत्ताच. मुलाची अमेरिकेची पत्रं उतरवतोय."

सर्व्हर माझ्यासमोर बंद, गळ्यात झेंडूची माळ. आप्पासाहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "देवीची कृपा बघा. बंद असून चालू."

तीस वर्षं मी तारा शोधत आलो आहे. गुडघ्यावर बसलो. मॉडेमच्या फळीपासून वायरींचा जुडगा धरला आणि हात सरकवत निघालो. भिंतीच्या कडेने, कपाटामागून, कोपऱ्यातून. नव्या सर्व्हरकडे त्यातली एकही जात नव्हती. त्याला एक बारीक वायर होती फक्त, पडद्यावर नावं दाखवण्यापुरती. बाकी सगळ्या माझ्या टेबलाखाली.

पत्र्यावर हात ठेवला. ऊन ऊन होता.

दाऊद दारात उभा होता. मी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून साहेब. ती चकतीवालीच चालतेय. ताईंनी शप्पथ घातली होती."

"आईलाही ठाऊक?"

"आजींनी तर हात लावूनच ओळखलं."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. दीड महिना मी गावभर चौकट दाखवत फिरलो आणि माझ्याच ऑफिसात माझी समजूत काढली जात होती.

संध्याकाळी यशोधरा मॉडेमची खोकी घेऊन आली. माळ बघितली, माझं तोंड बघितलं, खोकी खाली ठेवली. "बाबा, उद्घाटनाला तीन दिवस होते. तुम्ही पुण्याच्या त्या मुलीला फोनवर उपकार करा म्हणालात, ते मला ऐकवेना."

मी म्हटलं, उद्यापासून ऑफिसात यायचं नाही.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

धम्मचक्र दिन. पांढरे कपडे घालून विहारात गेलो. वंदना तोंडाने चालली होती, मनात वायरींचा जुडगा. यशोधरा बायकांत आईशेजारी बसली होती.

बुधवार, २० ऑक्टोबर

ती आली नाही. मशीन चालू आहे. मला वाटलं होतं, ती नसेल तर बंद पडेल. मनातून तसं व्हावं असंही वाटत होतं, कशाला लपवा. दुपारी एक लायन अडकली. दाऊदने टेबलाखालून एक वही काढली. यशोधराचं अक्षर. कोणती लायन अडकली तर काय करायचं, पान पान लिहिलेलं, मराठीत. पहिल्या पानावर: "बाबांना कधी कळलं तर त्यांच्यासाठी."

वहीत बघून मीच दोन ओळी टाईप केल्या. लायन सुटली. कोणाला फोन लावला नाही, कोणासाठी स्टुलावर बसलो नाही. आत काय लिहिलंय ते उघडून दाखवणारं मशीन मी पहिल्यांदाच बघितलं. समजलं काही नाही, पण दार उघडं होतं.

घरी आईजवळ बसलो. म्हटलं, आई, ते सगळं फुकटचं आहे. आपण ठरवलं होतं ना, फुकटचं घ्यायचं नाही?

ती तांदूळ निवडत होती. "भाकर फुकट हुती म्हनून तोंड कडू व्हायचं व्हय रं? दुसऱ्यानं वरून टाकायची, ती कवा टाकील त्याची वाट बघत उबं ऱ्हायचं, त्येनं कडू व्हायचं. हिरीचं पानी बी फुकटच हुतं. पर पोहरा आमाला सोडू द्येत न्हवते." तांदळातला खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "पोरीच्या त्या मशिनीत कुनाला हाक द्यावी लागती का?"

पुण्याच्या फोनवरची ती गाणी आठवली.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

पहिलं काम, सहादेवला कोल्हारला फोन. म्हटलं, ऑर्डर देऊ नकोस, मी तुला चुकीचं सांगितलं. तो घाबरला, म्हणाला, बंद पडलं का? म्हटलं, नाही, ते कधी चालूच नव्हतं. दाऊद उद्या चकती घेऊन येईल, हवी तितक्या पोरांना वाट. तो म्हणाला, "तुझ्याकडची दिलीस तर तुझं काय?" म्हटलं, माझ्याकडचं कमी होत नाही.

मग स्वयंपाकघरात गेलो. यशोधरा चहा करत होती. म्हटलं, चल ऑफिसला. तिने गॅस बारीक केला. "मला काढून टाकलंय."

"मग परत ये."

"नेमणूकपत्र द्या. सहीशिक्क्याचं. फुकटात काम करत नाही मी."

मला हसू आलं आणि रडूही. पत्र लिहिलं, शिक्का मारला, तारीख घातली. तिने वाचून घडी घालून पर्समध्ये ठेवलं. त्याच पर्समध्ये, जिच्यात ती चकती ठेवली होती.

ऑफिसात ठरलं असं: नव्या सर्व्हरवरही तेच चढवायचं, म्हणजे एक दमला तर दुसरा. जुनं मात्र खाली राहायचं नाही. बारा वाजता ग्राहक कमी असतात, तेव्हा पाच मिनिटं बंद केलं. दाऊद पुढे आला, मी म्हटलं, सरक. टेबलाखाली शिरून दोन्ही हातांनी उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं. टेबलावर, उजेडात ठेवलं.

वरच्या पत्र्यावर माझ्या चपलांचे दोन ठसे उठले होते. धूळ, माती, दीड महिन्यांची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत स्पष्ट.

यशोधरा फडकं आणायला वळली. मी म्हटलं, दे इकडे, मी पुसतो. ती आणि दाऊद वायरी लावत होते आणि मी पुसत होतो. डाव्या पायाचा ठसा लवकर निघाला. उजव्याला बराच वेळ लागला.